काढणारा कुठे उभा होता

कौमुदीने फोन दुधाच्या खोक्याला टेकवून उभा केला आणि लॅपटॉपचा पडदा बाबांना दिसेल असा वळवला. जर्मनीत दुपारचे चार वाजले होते, साताऱ्यात संध्याकाळचे साडेसात. तिकडे जयंतराव चष्मा पुसून पुढे वाकले. उभी हयात जमिनी मोजण्यात गेलेला माणूस. लेकीच्या पीएचडीतलं बाकी काही कळो न कळो, नकाशा म्हटलं की जेवणाचं ताटही बाजूला सरकायचं.

पडद्यावर चीनमधलं एक शहर होतं. जपानी सैन्याने ते घेतल्यावर जपानी चित्रकाराने आकाशातून बघितल्यासारखं रंगवलेलं. निळी नदी, तटबंदी, कौलारू घरं, बोटीतून उतरणारे हौशी प्रवासी, आणि क्षितिजावर, समुद्र ओलांडून, चक्क फुजी पर्वत. ही घरं आजच्या नकाशावर बसवायचं कौमुदीचं काम होतं आणि ती काही केल्या बसत नव्हती. बसणार तरी कशी? तिने बाबांना सांगितलं, की लढाईत दक्षिणेकडची अख्खी वस्ती जळाली होती, आणि चित्रात तिथे फुलांनी लगडलेली झाडं आहेत.

बाबांनी मोजणीवर गेल्यासारखा पहिला प्रश्न विचारला.

"काढणारा कुठे उभा होता?"

"कुठेच नाही, बाबा. तिकडे घरच्यांना सगळं छान दिसेल, अशा जागी."

बोलली आणि तिची नजर पाठीमागच्या भिंतीकडे गेली. मार्चअखेर तिचा नोकरीचा करार संपला होता, पुढे वाढला नव्हता. इन्स्टिट्यूटची किल्ली परत देऊन ती ब्राउनश्वाइगमधल्या या चौघींनी मिळून भाड्याने घेतलेल्या घराच्या स्वयंपाकघरात, पांढरी भिंत पाठीशी घेऊन, रोज 'ऑफिसातून' बोलत होती. जुलैत बाबा यायचे होते. त्यांच्या व्हिसाला लागणारं आइनलाडुंग, म्हणजे तिचं निमंत्रणपत्र, नोकरीशिवाय होणार नव्हतं. आणि बाबांनी तर कॉलनीभर सांगून ठेवलेलं. तिला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षाही थकवा जास्त होता. आज सांगून टाकायचंच, असं तिने ठरवलं.

"बाबा, आल्झो... म्हणजे, ते आइनलाडुंगचं—"

"अगं, ते राहू दे. कॉलनीत सांगून टाकलंय मी. गुडघे दुखतात, यंदा प्रवास नाही."

गुडघे? हा माणूस रोज सकाळी अजिंक्यतारा चढून येत होता. कालच वरून फोटो पाठवला होता, घामाघूम आणि खूश.

"कधीपासून दुखतायत?"

जयंतरावांनी चष्मा काढला आणि पुसलेल्याच काचा पुन्हा पुसायला घेतल्या.

"चार वाजता ऊन तुझ्या डाव्या गालावर यायचं. एप्रिलपासून उजव्या गालावर यायला लागलं ना, तेव्हापासून."

कौमुदीने फोन उचलला. आधी खिडकी दाखवली, मग इन्स्टिट्यूटमधून आणून भिंतीशी रचलेली पुस्तकांची खोकी.