बाटली सोबत घ्या

राळेगावकडच्या त्या गावात कांताबाईला सगळे रेडिओवाली म्हणायचे. तिचं अडीच एकर वावर, त्यात कपाशीची पऱ्हाटी आणि तूर. तण निंदायला बसली की लहानसा रेडिओ हाताशी असायचाच. दुपारी एक वाजला की कळंबच्या रेडिओ केंद्रावरून दीपा नावाची मुलगी बोलायला लागायची, कधी बोंडअळीचं, कधी बियाण्याचं. कांताबाईला वाचता येत नव्हतं, पण दीपानं सांगितलेलं तिच्या डोक्यात पक्कं बसायचं.

शेजारच्या वावरातले पंजाबराव जाता-जाता हसायचे. "वहिनी, त्या डब्यातली पोरगी कधी चिखलात उतरली काय?"

"नसंन उतरली. पण ऐकाले काय जाते, भाऊ?"

सप्टेंबरातली दमट दुपार होती. पऱ्हाटी छातीला लागलेली, वारा उलटा, आणि पंजाबराव एकटेच कीडीचं औषध फवारत होते. तोंडाला फडकं नाही, हातात मोजे नाहीत. बराच वेळ पंपाचा आवाज येत राहिला आणि मग एकदम थांबला. कांताबाईनं मान वर केली, तर पंजाबराव कुठे दिसेनात.

दोन वावरांमधला धुरा ओलांडून ती धावली. पऱ्हाटीच्या दोन ओळींमधे ते आडवे पडले होते. सदरा औषधानं चिंब, तोंडातून लाळ गळतेय, अंग थरथरतंय. तिची हाक ऐकून पलीकडून ऑटोवाला भारत पळत आला.

"मिठाचं पाणी पाजू त्याइले. उलटी झाली का बरं वाटंन."

"नाही रे! उलटी नाही करवाची!" कांताबाई ओरडली. "रेडिओत सांगतलं हाये. तू ऑटो आण पहिले."

तिनं खताच्या रिकाम्या थैलीचं प्लास्टिक फाडून हातांना गुंडाळलं आणि त्यांचा सदरा काढला. विहिरीवर कपड्याचा साबण होता. बादलीनं पाणी आणून तिनं त्यांचं अंग धुतलं, मग त्यांना कुशीवर वळवलं. पुढे काय करायचं ते तिला माहीत होतं. ऑटो निघता निघता ती पुन्हा वावरात पळाली.

"आता कायले चालली?" भारत करवादला.

"औषधाची बाटली राह्यली!"

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं तेच विचारलं, "कोणतं औषध मारत होते?" कांताबाईनं पिशवीतून बाटली काढून पुढे केली. डॉक्टरांनी लेबल वाचलं आणि नर्सला इंजेक्शन भरायला सांगितलं.

पंजाबराव सहाव्या दिवशी घरी आले. चार पावलं चालता यायला लागली तसे कांताबाईच्या दारात येऊन उभे राहिले. "वहिनी, त्या पोरीले भेटाचं हाये मले."

मग एसटीनं दोघं कळंबला गेले. पंजाबरावांच्या मांडीवर घरच्या वेलाचं मोठं कोहळं होतं. केंद्र म्हणजे दोन खोल्या, आणि दीपा म्हणजे चष्मा लावलेली, काडीसारखी बारीक मुलगी. पंजाबरावांनी तिच्यापुढे हात जोडले. सगळं कांताबाईनंच सांगितलं.

दीपानं त्यांनी दिलेलं कोहळं छातीशी धरलं. "मावशी, आम्ही त्या बंद खोलीत बोलत राहतो," ती म्हणाली. "पलीकडे कोणी ऐकत असेल का, तेच समजत नाही."

"मी ऐकून राह्यली ना, माय. रोज."

दीपानं पंजाबरावांना माईकपुढे बसवलं. कांताबाई काचेच्या अलीकडे उभी राहिली.

"मी पंजाबराव. मी हे कधी ऐकत नव्हतो," त्यांनी सुरुवात केली. तोंड न बांधता फवारल्याचं, वाऱ्याचं, पडल्याचं, सगळं सांगितलं. "आमच्या कांतावहिनी होत्या म्हणून मी आज इथं बसलो हाये." कांताबाईनं पदर डोळ्यांना लावला. आपलं नाव आता गावोगावच्या वावरांत ऐकू जातंय, हे तिला खरंच वाटत नव्हतं.

त्यानंतर गावात फवारणी निघाली की पंजाबराव सकाळीच धुऱ्याधुऱ्यानं फिरायचे. मास्क, हातमोजे, अंगभर कपडे नसतील तर त्या माणसाला पंप उचलू द्यायचे नाहीत. लोक चिडायचे. पण ते तिथून हलायचे नाहीत.