ऐंशी जास्तीच्या नळ्या

मित्रांनो, मी एक ऑइल कुलर आहे. जुना तर आहेच, पण वैतागलेला त्याहून जास्त. लोखंडाचं एक जाड नळकांडं आणि त्याच्या पोटात शेजारी शेजारी बसवलेल्या तांब्याच्या बारीक नळ्या, एवढाच माझा संसार. नळ्यांच्या आतून थंड पाणी जातं, बाहेरून गरम तेल. दोघांची कधी भेट होत नाही, पण तेलाची उष्णता पाणी घेऊन जातं. यात न समजण्यासारखं काय आहे? तरी आमच्या कारखान्यातल्या शिकल्यासवरल्या माणसांना ते समजायला नऊ वर्षं लागली.

आमच्याकडे गिअर बनतात. भट्टीतून लालबुंद निघालेले गिअर तेलाच्या टाकीत बुडवले, की कडक होतात. हे तेल साठ अंशांवर राहावं लागतं. फार तापलं तर पेट घेण्याची भीती, फार थंड झालं तर गिअरला तडे. ते साठावर राखणं हे माझं काम.

माझा जन्म कागदावर झाला आणि घोळही तिथेच झाला. डिझाइन विभागातल्या बाईंनी तेल किती, ते तापतं किती, थंड होताना घट्ट होतं किती, असा सगळा हिशेब मांडला. गाळ साचेल म्हणून त्याचीही सूट धरली आणि लिहिलं, नळ्या एकशे वीस. सगळे तिथेच थांबले असते तर आज मला हे रडगाणं गावं लागलं नसतं. भट्टीचे साहेब म्हणाले, "उद्या काम वाढलं तर? दीडशे करा." देखभालीचे साहेब म्हणाले, "उन्हाळ्यात पाणी कोमट येतं, थोड्या हाताशी असू द्या." झाल्या एकशे ऐंशी. मोठ्या साहेबांना असले अर्धेमुर्धे आकडे आवडत नसत. त्यांनी दोनशे केल्या.

"इतक्या कशाला, साहेब?" बाईंनी विचारलं.

"जास्त असल्या तर बिघडतं कुठे?"

बाईंनी एक सुस्कारा सोडला आणि सही केली.

कुठे बिघडतं ते पहिल्याच आठवड्यात दिसलं. साहेबांचं पाहुण्यांना माझ्या पाठीवर थाप मारून दाखवणं चालू होतं आणि इकडे तेल चाळीस अंशांवर उतरलं होतं. गिअरचा अख्खा घाणा तडकला. टाकीवर काम करणारे काका धावत आले आणि त्यांनी माझ्या पाण्याचा व्हॉल्व्ह आवळत आवळत पाव भागावर आणला. तेल साठावर आलं. सगळे खूश.

मी मात्र तिथूनच आजारी पडलो. मित्रांनो, जोरात जाणारं पाणी आपला गाळ सोबत नेतं. रेंगाळणारं पाणी तो तिथेच टाकून जातं. माझ्या पोटात थरावर थर बसत गेले आणि गाळाखाली नळ्या कुरतडल्या गेल्या. "कुलर गरजेपेक्षा मोठा आहे," असं काका दरवर्षी नोंदवहीत लिहीत. ती वही कपाटात ठेवायची शिस्त आमच्याकडे कडक होती, उघडून वाचायची नव्हती.

शेवटी एका सुट्टीत, तेलाचा पंप बंद असताना, माझी एक नळी फुटली आणि पाणी तेलात उतरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला लालबुंद घाणा आत गेला मात्र, तेल फेसाळत काठावरून उसळलं आणि पेटलं. काकांनी जवळच्या दोघांना मागे ढकललं, घाणा वर उचलला, टाकीचं झाकण पाडलं. त्यांचा एक हात कोपरापर्यंत भाजला. मी ते सगळं पाहिलं आणि मला माझीच लाज वाटली.

दुपारी काकांना ठपक्याचा कागद मिळाला. पाणी कमी ठेवून निष्काळजीपणा केला, म्हणून नळ्या गंजल्या. निवृत्तीला दोन महिने उरले होते. पट्टी बांधलेल्या हातात तो कागद धरून काका माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "चौतीस वर्षं केली. आता घरी हे घेऊन जायचं?"

मला भंगारात काढायचं ठरलं. ठीक आहे. पण नवा कुलर किती नळ्यांचा घ्यायचा ठरलं असेल? तीनशे! याला काय म्हणावं?

नव्याचा हिशेब करायला त्याच बाई आल्या. आता केस पिकले होते. त्यांनी माझी झाकणं काढून आत बॅटरी मारली, मग काकांकडे वळल्या.

"पाणी इतकं कमी का ठेवत होता?"

"उघडलं की तेल गार पडतं, बाई. गिअर तडकतात. वहीत लिहिलंय मी."

बाईंनी नऊ वर्षांच्या वह्या मागवल्या. स्टुलावर बसून पान न् पान वाचलं, आकडे उतरवून घेतले आणि पुन्हा हिशेब मांडला. उत्तर आलं, एकशे वीस.

"ऐंशी नळ्यांना बुचं मारा," त्या साहेबांना म्हणाल्या. "फुटलेली नि कुरतडलेल्या आधी. बाकीच्या साफ करा. नवा कुलर नको."

"म्हणजे चूक कोणाची म्हणायची?" मोठ्या साहेबांनी विचारलं. भट्टीचे साहेब छताकडे पाहू लागले. देखभालीच्या साहेबांना फोन आला.

बाई म्हणाल्या, "दोनशेच्या कागदावर सही माझी आहे. चुकतंय हे कळत असूनही केली. काकांचा कागद मागे घ्या आणि माझ्या नावाचा काढा."

तसंच झालं. बाईंची बढती त्या वर्षी राहिली. बाकी तिघांच्या केसालाही धक्का लागला नाही. हे आठवलं, की माझं तेल आजही उकळतं.

बुचं मारल्यावर काकांनी डाव्या हाताने माझा व्हॉल्व्ह नऊ वर्षांत पहिल्यांदा पूर्ण उघडला. काटा साठावर थांबला. तो हलत नाही अशी खात्री होईपर्यंत ते उभे राहिले आणि मग जेवायला गेले.

मित्रांनो, माझी निगा राखा, मला वेळेवर साफ करा, हे तर मी सांगेनच. पण त्याआधी एक विनंती आहे. दुसऱ्याच्या नीट केलेल्या हिशेबात आपल्या भीतीची भर घालाल, तेव्हा खाली आपलं नावही लिहा. नाहीतर तिचे चटके टाकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला बसतात.