माझ्यामुळे नवस मोडला नाही

माझं कोणी खरं मानलं नाही. मानणार तरी कसं? मी वहाण. म्हशीच्या कातड्याची, उजव्या पायाची. आमची जागा उंबऱ्याबाहेर. पण उंबऱ्याबाहेर पडलेलीला घरातलं सगळं ऐकू येतं, हे घरातल्यांच्या ध्यानात राहत नाही. म्हणून आज बोलते. कोणाला झोंबलं तर झोंबू द्या.

बीबी गावच्या कडूबानं मला शिवलं. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. बाभळीच्या सालीत भिजून माझं कातडं पक्कं झालेलं, खाली तीन तळ, वर जाड वादी. मंजुळाबाईनं मला वाकवून पाहिलं, मी वाकले नाही.

"कडूबा, ही वहाण हाये का नांगराचा फाळ?"

"माहूरले जाऊन ये, मंग सांग," कडूबा म्हणाला.

मंजुळाबाई वांगी-मिरच्यांचा मळा करायची. थोड्याच दिवसांत ती खरंच माहूरला निघाली, पण नवस तिचा नव्हता. नवस गीताबाईचा. दोघी देऊळघाटच्या लेकी, एकाच वर्षी बीबीत सुना होऊन आलेल्या. एकीला काटा रुतला की दुसरी काट्याला शिव्या घालायची, अशी त्यांची मैत्री.

गीताबाईचा नवरा भगवंतराव दिवाळीपासून पोटाच्या दुखण्यानं अंथरुणावर होता. डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं, आठ दिवसांत जालन्याला न्या, चिरल्याशिवाय हे बरं होणार नाही. त्या दिवशी मंजुळाबाई विचारपूस करायला आली होती, मी ओसरीखाली होते. भगवंतरावाचा थोरला भाऊ हिंमतराव काय बोलला ते मी शब्दाशब्दानं ऐकलं.

"तू रेणुकामायले पायी जाय. जातानी अनवाणी. दवाखान्याचं मी पाहतो. उद्याच गाडी जुंपतो, दुसरबीडले मोटर धरतो. देवीचं तू कर, डाक्टरचं मी करतो."

"मी बी दवाखान्यात येतो ना, भाऊजी."

"बाईचं तिथं काय काम?"

घरच्यांनी माना डोलावल्या. गीताबाईनं देवीपुढे नवस बोलला. ती एकटी कशी जाईल म्हणून मंजुळाबाईनं मळा काही पळून जात नाही असं म्हणत मळा नवऱ्यावर टाकला आणि मला पायात घातलं.

लोणार मागे पडलं, रिसोड मागे पडलं. गीताबाई चालता चालता एकच विचारायची, "आता पोचले असतील ना जालन्याले?"

"पोचले, चिरलं, शिवलं. चाल आता," मंजुळाबाई म्हणायची.

रिसोडच्या पुढे गीताबाईच्या टाचेत काटा मोडला. वाशिम येईतो पाय भाकरीसारखा फुगला. पुसदच्या वाटेवर ती खालीच बसली.

"घाल माह्या वहाणा."

"नवस मोडते."

"मंग बस इथंच. देवीच येईल तुले भेटाले."

शेजारी झाडाखाली एक म्हातारी आराधीण परडी मांडीवर घेऊन बसली होती, देवीच्या नावानं जोगवा मागणारी. ती म्हणाली, "नवस बहिणीले उचलता येते, माय. ओटी भरा एकमेकीची, झाल्या बहिणी."

"ही माही सख्खी नाही," गीताबाई म्हणाली.

"सख्खी असती तर घरी घोरत पडली असती," मंजुळाबाई म्हणाली आणि पदर पसरला.

शिदोरीतल्या ज्वारीनं दोघींनी एकमेकींची ओटी भरली. आराधिणीनं दोघींना कुंकू लावलं. मंजुळाबाईनं आम्हाला काढलं आणि गीताबाईच्या सुजलेल्या पायात स्वतःच्या हातानं चढवलं. माझी वादी त्या वेळी उसवली. तिथून माहूरच्या गडापर्यंत मंजुळाबाई अनवाणी चालली. दगडाला शिव्या दिल्या, काट्याला दिल्या, एकदा तर देवीलाही दिली. पण पाय मागे घेतला नाही. गडावर पोचली तेव्हा तिच्या टाचांच्या भेगांतून रक्त येत होतं. नवस पुरा झाला. जाताना दोघींतली एक तरी अनवाणी राहिली, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

बाविसाव्या दिवशी दोघी बीबीत आल्या. वेशीत हिंमतराव उभा होता. त्याच्या डोक्यावर केस नव्हते. त्यावरूनच गीताबाईला समजलं. भगवंतराव जाऊन दहा दिवस झाले होते.

ती खाली कोसळली. हिंमतरावानं तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही, पायाकडे पाहिलं.

"वहाणा जातानी बी घातल्या का?"

"घातल्या," गीताबाई म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

बस, तेवढं पुरलं. ओटी, आराधीण, मंजुळाबाईच्या टाचा, पुढचं कोणी ऐकून घेतलं नाही. पाणवठ्यावर बाया म्हणू लागल्या, वहाणेनं नवरा खाल्ला. आणि हिंमतरावानं जाहीर केलं, तेरवी झाली की नवस मोडणारीनं देऊळघाटला जावं, या घरात आणि वावरात तिचा वाटा नाही.

तेरवीच्या आदल्या दिवशी मंजुळाबाई माझी वादी शिवायला कडूबाकडे आली. तिथं हिंमतरावाचा गाडीवान सहदेव बसला होता.

"सहदेव, भगवंतरावले जालन्याले तूच नेलं ना?"

सहदेव जमीन टोकरत म्हणाला, "गाडी जुंपली, बाई, पण कापसाले. बारा दिवस जिनिंगले खेपा केल्या. मालक म्हणे, कापूस थांबत नाही, भाऊ थांबते."

"अन् भगवंतराव?"

"घुंगराचा आवाज आला की इचारे, माह्यासाठी आली का गाडी?"



तेरवीला पंगत बसली. सगळ्यांच्या वहाणा बाहेर. मंजुळाबाई आत गेली ती आम्हाला हातात घेऊन, आणि पंगतीच्या मधोमध आम्हाला ठेवलं.

"मंजुळे, भान हाये का? जेवणात वहाण?" हिंमतराव ओरडला.

"हिच्यापायी मेला म्हनता ना? मंग हिले समोर बसवा. अन् सहदेवले इचारा, गाडी कुठं होती."

सहदेव वाढायला उभा होता. हातातली बादली त्यानं खाली ठेवली आणि जे कडूबाकडे बोलला तेच बोलला. एक शब्द कमी नाही. पंगतीतला सगळ्यात म्हातारा माणूस पत्रावळीवरून न जेवता उठला. त्याच्यामागे दुसरा. मग ओळच उठली.

गीताबाई आतल्या खोलीतून आली. भरल्या घरात तिनं आम्हाला पायात घातलं.

"मी देऊळघाटले जात नाही. अर्धं वावर माह्या नवऱ्याचं हाये. उद्यापासून मी पेरतो."

आणि पेरलं तिनं. मंजुळाबाईनं बांधावर उभं राहून तिला चुका दाखवल्या, शिव्याही घातल्या.

आता माझे तळ झिजलेत, बोटाजवळ भोक पडलंय. गीताबाई मला फेकत नाही, मीही तिला सोडत नाही. पण बाजारात अजून एखादी म्हणते, "तीच ती, वहाण घातली अन् नवरा गेला." तिला माझं सांगणं आहे. बाई, नवसाला हात लावू नको, गीताबाईला लावू नको, मला तर लावूच नको. बारा दिवस माणूस गाडीची वाट पाहत होता आणि गाडी दारावरून कापूस घेऊन जात होती. गाडी कोणाची होती ते साऱ्या गावाला माहीत आहे. मोठ्या घरचं नाव म्हणून तोंडात येत नाही. मला कसली भीती? मी धुळीतलीच. माझ्याकडून ऐक.

हिंमतराव.