वडील कुठल्या पलटणीत होते

धनाजी साळुंखे आखातात, वेस्ट बेमधल्या उंच इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करायचा. बरवा अल बराहा या कामगार वसाहतीतल्या खोलीत सहा वर्षं त्याच्याबरोबर जाफन्याचा शिवनेसन राहत होता. एकदा जेवताना धनाजी सहज बोलून गेला की आपले वडील भारताच्या शांतिसेनेतून श्रीलंकेला गेले होते. शिवनेसनचा घास हातातच राहिला. सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरात शांतिसेना जाफन्यात लढत होती, तेव्हा त्याचा थोरला भाऊ अंगणात गोळी लागून गेला होता. गोळी कुणाची, ते घरच्यांना कधीच कळलं नव्हतं.

"तुझे वडील कुठल्या पलटणीत होते?" त्याने हिंदीत विचारलं.

धनाजीला सांगता येईना. वडील त्या दिवसांबद्दल कधी बोलले नाहीत, आणि त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. गावात सगळे म्हणायचे, मराठा पलटण. एवढंच.

शुक्रवारी संध्याकाळी तो शहरातल्या मोठ्या लायब्ररीत गेला. संदर्भ विभागात रत्नागिरीच्या अजरा परकार होत्या. त्यांनी पलटणींचे इतिहास काढून दिले. तीन शुक्रवार धनाजी पानं चाळत बसला. वडिलांचं नाव कुठेच नव्हतं. शेवटी अजरांनी धनाजीच्या वडिलांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून निवृत्त होताना मिळालेलं पुस्तक, मागितलं. धाकट्या भावाने गावाहून फोटो पाठवला.

"भाऊ, तुम्ही चुकीच्या पुस्तकांत शोधताय," अजरा म्हणाल्या. "मराठा पायदळाचं रेकॉर्ड बेळगावला असतं. ह्यावर शिक्का खडकीचा आहे. ते सॅपर होते, सुरुंग काढणारे."

त्यांनीच खडकीला लिहायचं पत्र करून दिलं. उत्तराची वाट पाहण्यात दोन महिने गेले. त्या काळात धनाजी शिवनेसनच्या आधी किंवा नंतर जेवायचा. उत्तर आलं तेव्हा ते त्याने लिफ्टच्या मशीनरूममध्ये उभ्याउभ्याच वाचलं. वडिलांची कंपनी अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये जाफन्यात उतरली होती. काम रस्ते आणि विहिरींभोवतीचे सुरुंग काढण्याचं. तो तिथेच पायरीवर बसला. इतके दिवस आपण किती घाबरलो होतो, ते त्याला तेव्हा कळलं.

खोलीवर येऊन त्याने शिवनेसनला सगळं सांगितलं. शिवनेसनने धनाजीच्या वडिलांचा फोटो मागून घेतला आणि बराच वेळ पाहिला.

"त्याच मार्चमध्ये आम्ही निर्वासितांच्या छावणीतून घरी परत आलो," तो म्हणाला. "रस्ता मोकळा झालाय, असं आईला कुणीतरी सांगितलं होतं."

मग त्याने विचारलं, "ऑक्टोबरात आमच्या गल्लीत कोण होतं, ते त्या बाई शोधू शकतील?"

पुढच्या शुक्रवारी दोघं एकत्र गेले. अजरांनी खरं ते सांगितलं. त्या महिन्यातले लष्करी कागद अजून खुले नाहीत. तेव्हाची तमिळ वर्तमानपत्रं आहेत, लोकांनी दिलेल्या जबान्या आहेत. त्यांतून उत्तर मिळेलच असं नाही.

"चालेल," शिवनेसन म्हणाला.

अजरांनी कोरा कागद पुढे ओढला आणि भावाचं पूर्ण नाव विचारलं. तमिळ नाव त्यांना लिहायला जमेना. शिवनेसनने पेन घेतलं आणि स्वतःच लिहिलं.