मनोऱ्याचे दोन खांब

"तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं, की मनोरा तिला पेलणार नाही," नाटक बसवणाऱ्या मिस काबांगा आवाज खाली आणत म्हणाल्या. "पुढचं मी बघते."

कपेम्ब्वांनी रंधा थांबवला नाही. कासामा गावातल्या या शाळेत एकोणतीस वर्षं बाकं, वर्गातले फळे आणि दर वर्षीच्या संगीत नाटकाचे राजवाडे करून त्यांचे गुडघे पार कामातून गेले होते. हे सत्र संपलं की निवृत्ती. यंदाच्या परीकथेतली राजकन्या मनोऱ्यात कोंडलेली, आणि ते काम कसुबाकडे होतं. पोरगी अंगानं थोराड, पण गळा असा, की तालीम सुरू झाली की स्वयंपाकघरातल्या बायका हातातलं टाकून ऐकत उभ्या राहत. मिस काबांगांना मात्र तिथं मुख्याध्यापिकांची सडपातळ भाची हवी होती. आता हे उघड कसं बोलणार?

"म्हणजे माझं काम कच्चं, असं मीच माझ्या तोंडानं सांगू?"

"अहो, शेवटचं वर्ष तुमचं. कशाला जिवाला त्रास करून घेता?"

हे काही खोटं नव्हतं. खरंच जीव विटला होता त्यांचा.

बाई गेल्या आणि कसुबा दारात आली. "आजोबा, मोडेल का हो? पोरी म्हणतात, मी चढले की भूकंप होणार." ती हसली, पण हसू काही टिकलं नाही. "मोडणार असेल तर आत्ताच सांगा. मी सोडते काम. सगळ्यांसमोर नको."

"तू गाणं पाठ कर. लाकडाचं मी बघतो," ते म्हणाले खरे, पण मनोऱ्यासाठी शाळेनं दिलेल्या खांबात अंगठा दाबला तर नखभर आत गेला. वाळवी! यावर बकरीसुद्धा चढवली नसती कुणी. खोटं बोलायचीही गरज नव्हती.

घरी मुक्वाच्या टणक लाकडाचा पलंग होता. लग्नाच्या वर्षी स्वतःच्या हातानं केलेला, कधीही न करकरलेला. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. कपेम्ब्वा बराच वेळ त्याच्या कडेला बसून राहिले. मग उठले आणि त्याच्या दोन्ही लांब बाजू सोडवायला लागले.

"माफ कर गं," ते पुटपुटले. "पोरगी फार चांगली गाते."

दोन्ही लाकडं खांब म्हणून उभी राहिली. वर राखी रंग, दगडांच्या रेघा. मग परीक्षा. मांडीवर मक्याच्या पिठाचं पोतं घेऊन स्वतः बसून पाहिल्याशिवाय त्यांनी आयुष्यात एकही खुर्ची हातावेगळी केली नव्हती. मनोऱ्यावर ते दोन पोती घेऊन बसले आणि तीन दिवस दुपारचं तिथंच जेवले.

"काय हो राजकन्या, भाजी वर पाठवू का?" स्वयंपाकीण बाना-चोंगो खालून ओरडली.

"पाठवा बाई. उतरायला गुडघे राजी नाहीत."

मिस काबांगांनी जाता जाता एकदा वर पाहिलं. मनोऱ्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

शुक्रवारी नाटकाच्या प्रयोगात कसुबा मनोऱ्यावर चढली. शेवटच्या रांगेत कपेम्ब्वा कान टवकारून बसले होते, गाण्यासाठी नव्हे, लाकडासाठी. लाकूड गप्प आहे याची खात्री पटली, तेव्हा कुठे त्यांना गाणं ऐकू आलं. मग मात्र डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

सोमवारी पलंगाच्या बाजू परत न्यायला ते उसनी हातगाडी घेऊन आले. इतक्या साऱ्या रात्री चटईवर काढून पाठ धरली होती. रंगमंच रिकामा. नाटक संपलं की मोडलेलं लाकूड चुलीला जातं, हा रिवाज त्यांनीच तर घातलेला! सांगून ठेवायचं राहूनच गेलं होतं. ते स्वयंपाकघराकडे वळले.

"ते राखी खांब?" बाना-चोंगोनं चुलीकडे हात केला. "अहो, काय लाकूड होतं! दोन खांबांवर आज सगळ्या शाळेचा मक्याचा न्शिमा शिजला. आणलं होतंत कुठून?"

कपेम्ब्वांनी निखाऱ्यांकडे पाहिलं.

"जुनं होतं," ते म्हणाले.

बाहेर जेवणासाठी पोरींची रांग लागली होती. कुणीतरी कसुबाला राजकन्या म्हणून हाक मारली आणि या वेळी ती मोकळेपणी हसली. कपेम्ब्वांनी हात धुतले, भिंतीला पाठ टेकून हळूहळू खाली बसले आणि थाळी पुढे केली.

"वाढा बाई," ते म्हणाले. "आज जरा जास्तच वाढा."