दुसऱ्या कपावरची बशी

दुसरीच्या बाईंना प्रश्न विचारायची खोडच होती. उतारा वाचून झाला की आधी सोपे प्रश्न यायचे, कोण, कुठे, काय. मग 'का'. आणि उत्तर देऊन पोरगं सुटकेचा श्वास टाकतंय तोवर शेवटचा, 'कशावरून?' त्याचं उत्तर तोंडाने द्यायचं नाही. ज्या ओळीवरून कळलं त्या ओळीवर बोट ठेवायचं. बोट नाही तर उत्तर नाही. या बोटांपायी त्यांच्या वर्गातली पुस्तकं वर्ष संपायच्या आत मळून जायची आणि पालक कुरकुर करायचे. पण बाई कोणाला भीक घालणाऱ्यातल्या नव्हत्या.

घरी मात्र त्यांना काही विचारणारं कोणी उरलं नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा लांबच्या शहरात. तो दिवेलागणीला फोन करायचा आणि ठरलेले प्रश्न विचारायचा. काही खाल्लंस का, गोळी घेतलीस का, दार नीट लावलंस का. बाई अगदी पूर्ण वाक्यात उत्तरं द्यायच्या, हो, मी खाल्लं, हो, मी गोळी घेतली, हो, मी दार लावलं. मुलगा वाईट नव्हता, कामाच्या रगाड्यात बुडालेला होता. पण त्याने एकदा जरी 'कशावरून?' म्हटलं असतं तर बाई उघड्या पडल्या असत्या. दार लावलेलं नसायचंच. संध्याकाळभर त्या कडी काढून ठेवायच्या.

यंदा त्यांच्या वर्गात एक मुलगी आली होती. पोरांनी दुसऱ्याच दिवशी तिचं नाव घुमी ठेवून टाकलं. वाचायची घडाघडा, पण प्रश्न विचारला की तोंडाला कुलूप. मधल्या सुट्टीत सगळा वर्ग मैदानावर उधळायचा आणि घुमी पहिल्या बाकावर, बाईंच्या टेबलाला खेटून, डबा उघडून बसायची. बाई आपला डबा उघडायच्या. दोघी न बोलता खायच्या. बाईंना दिवसभरात जेवायला तेवढीच सोबत होती, आणि ती त्यांना हवीहवीशी वाटू लागली होती. हे त्यांनी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

सहामाहीनंतर मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, घुमीचा विषय काढला. नुसतं वाचता येऊन काय उपयोग, वाचलेलं समजायला नको का, असं त्यांचं म्हणणं. तिला पुन्हा पहिलीत बसवावं. पहिलीचा वर्ग खाली, अंगणापलीकडे होता. पोरीला सगळं समजतं, असं बाई पोटतिडकीने सांगू लागल्या.

"कशावरून?" मोठ्या बाईंनी विचारलं.

 बोट ठेवायला बाईंकडे ओळ नव्हती.

शेवटी असं ठरलं की शुक्रवारी मोठ्या बाई स्वतः प्रश्न विचारतील. उतारा नवा हवा, पुस्तकातला नको, आणि खाली उत्तरंही लिहून आणायची, म्हणजे नंतर वाद नको. निदान एक तरी उत्तर बरोबर आलं पाहिजे.

त्या संध्याकाळी बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उतारा लिहायला बसल्या. डोकं काही चालेना. मग जे समोर दिसत होतं तेच कागदावर उतरलं. एक आजी आहे. ती संध्याकाळी दोन कप चहा करते. एक कप स्वतः पिते. दुसऱ्या कपावर बशी झाकून ठेवते. मग दाराची कडी काढते आणि खिडकीपाशी बसते. वाचून पाहिलं तर हे लहान मुलांसाठी भलतंच उदास झालं होतं. म्हणून त्यांनी शेवटी एक मांजर घातली. मांजर असली की मुलं खूश असतात. बाईंनी जन्मात मांजर पाळली नव्हती. 'का'चं उत्तरही त्यांनी मांजरीच्याच गळ्यात मारलं आणि मोकळ्या झाल्या.

शुक्रवारी भरल्या वर्गात घुमीने उत्तरं नसलेल्या प्रतीवरून उतारा एका दमात वाचला. आजी किती कप चहा करते, मोठ्या बाईंनी विचारलं. घुमी गप्प. आजी कुठे बसते? गप्प. बाई कपाटाशी उभ्या राहून पदराचं टोक पिळत होत्या. त्यांना आत्ताच सोमवारची मधली सुट्टी दिसत होती, रिकामा बाक आणि एकच डबा.

"बरं, आजी कडी का काढून ठेवते?"

घुमीने मान वर केली. "कोणीतरी येईल म्हणून."

मोठ्या बाईंनी आपल्या हातातल्या कागदाच्या तळाशी पाहिलं. उत्तर होतं, मांजरीला आत येता यावं म्हणून. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"कशावरून?" बाई मागून म्हणाल्या. सवयीने तोंडातून निघून गेलं.

घुमीने बशीच्या ओळीवर बोट ठेवलं. "चहा गार होऊ नये म्हणून झाकलाय. मांजरीला द्यायचा असता तर बशीत ओतला असता."

 मोठ्या बाईंनी कागद बाईंच्या पुढे धरला. तळाशी बाईंच्याच अक्षरात मांजर होती. ती खरी मानली तर पोरगी खाली जाणार, आणि पोरीचं खरं मानलं तर आजी कोणाची तरी वाट बघते हे सगळ्यांसमोर म्हणावं लागणार. 

"तिचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "उत्तर मी चुकीचं लिहिलं. मांजर नाहीच आहे."

 मग मोठ्या बाईंनी घुमीला विचारलं, कप किती ते का नाही सांगितलंस? ते तर तुम्हालाही दिसतंय की, घुमी म्हणाली. मोठ्या बाईंना हसू आवरेना. राहू दे हिला इथेच, असं म्हणून त्या निघून गेल्या.

मधल्या सुट्टीत दोघींनी डबे उघडले. बाहेर पोरांचा कालवा चालला होता. 

"बाई," घुमी म्हणाली. आपणहून ती पहिल्यांदाच बोलत होती. "मग आलं का कोणी?"

जे उताऱ्यात नाही त्याचं उत्तर द्यायचं नाही, हे बाई वर्षानुवर्षं शिकवत आल्या होत्या. घुमी वाट बघत होती.

"नाही," बाई म्हणाल्या. "अजून कोणी आलं नाही."

उत्तर पूर्ण वाक्यात होतं. घुमीने मान डोलावली, आपला डबा उचलला आणि बाईंच्या टेबलावर आणून ठेवला.