चाळिसाव्याचं खरबूज

बायको हुस्नोराच्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्याला लोक जेवून गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी समदला कळलं, की खरबूज गेलं. कोठीच्या आढ्याला लव्हाळ्याची जाळी नुसतीच लोंबत होती.

ते खरबूज बायकोनंच थंडी पडायच्या आधी जाळी विणून टांगलं होतं. वसंतापर्यंत टिकेल, म्हणाली होती. ती गेली तेव्हा समदचं चित्र अर्धं झालं होतं. टेबल, दोन डाळिंबं, निळा वाडगा. मधली मोठी जागा खरबुजाची. त्यानंतर समद रोज सकाळी खरबूज उतरवून टेबलावर ठेवायचा, बघत बसायचा आणि उजेड गेला की परत टांगायचा. ब्रशला रंग एकदाही लागला नव्हता.

"आपा, कोठीतलं खरबूज कुठंय?"

थोरली बहीण ताजिनिसो पुलावाची कढई घासत होती. "कापलं. हुस्नोराचे मामा बुखाऱ्याहून आले, त्यांच्यापुढं काय नुसत्या मनुका ठेवू? भर थंडीत पाहुण्याला खरबूज दिलं म्हणून घराची लाज राहिली."

"मला विचारायचंस तरी."

"तू दारात लोकांचे हात हातात घेऊन उभा. तिथं येऊन विचारू, की बाबा रे, खरबूज कापू का?"

"ते चित्रासाठी होतं."

"मग पाटी लावायची. टांगलेलं खरबूज पाहुण्यांसाठी असतं. सगळ्या समरकंदात असंच असतं."

शेजारचा एर्गाश सुतार आपली बाकं न्यायला आला होता. तो म्हणाला, "समद अका, कशाला डोक्याला ताप करून घेता? तुमच्या चित्रातलं खरबूज नाहीतरी विटेसारखं दिसतं. समोर वीट ठेवा."

आपाला हसू आलं आणि ती लगेच ओशाळली.

आता यांना काय सांगायचं? वीस वर्षं समद हेच सांगत आला होता, की फळ समोर असल्याशिवाय चित्रात त्याची वीटसुद्धा करता येत नाही. चित्रकार संघातल्या शहाण्यांनाही ते पटलं नव्हतं. हुस्नोरानं कधी विचारलंच नाही. ती फळं मांडायची आणि चित्र होईपर्यंत कुणाला हात लावू द्यायची नाही.

"बाजारात मिळतात अजून," आपा म्हणाली. "दुसरं आण."

"तिनं टांगलेलं मिळतं का बघून ये."

आपानं कढई पालथी घातली.

"सालं तरी आहेत?"

"एर्गाशच्या गाईला घातली."

"आवडीनं खाल्ली," एर्गाश म्हणाला.

समद पायरीवर बसला. त्यानं विचारलं, "गोड होतं का?"

"मला काय विचारतोस?" आपा म्हणाली. " मला फोड मिळालीच नाही. मामांच्या शेजारी बसून तूच तीन खाल्ल्यास."

त्याला बशी आठवली. मामा हुस्नोराच्या लहानपणाचं काही सांगत होते आणि तो मान डोलवत होता. फोडी आठवेनात. चवही नाही.

तो आत जाऊन चित्रापुढं उभा राहिला. पिवळा रंग काढला, त्यात थोडा हिरवा घातला.

"आपा, हिरवट होतं की पिवळं?"

"पिवळं," आपा बाहेरून म्हणाली.

"पिवळं कुठलं? साल हिरवं होतं," एर्गाश म्हणाला.

"तुला काय कळतं?"

"गाय माझी आहे ना, आपा."

दोघांचं भांडण चालू राहिलं. समदनं ब्रश पुसून ठेवला. चित्रातली खरबुजाची जागा अजून कोरी आहे.